एकच काठ, बारा महिने

कोपरहून दिव्याकडे जाताना लोकलच्या खिडकीतून तिवरं आणि खाडीचा चिखल दिसतो. आज त्या काठाविषयी.

घरापासून चालत जाता येईल असा एकच काठ निवडा आणि वर्षभर तिथंच जा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सकाळी ओहोटी मिळते. चिखल उघडा पडला की निवट्या सरपटू लागतात, चिंबोऱ्या बिळांतून डोकावतात. मागोमाग बगळे, खंड्या, तुतारी येतात. वहीत तारीख, वेळ, पक्ष्यांची संख्या लिहा. नाव ठाऊक नसेल तर चोच कशी, पाय कुठल्या रंगाचे, एवढं टिपा.

सुरुवातीला नोव्हेंबर उत्तम. 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. 5 तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, 12 डॉ. सालिम अलींच्या. तोवर कुरव आणि धोबी हे पाहुणे आलेले असतात.

जानेवारीत मात्र हातांना काम आहे. संक्रांत सरते, पण मांजा झाडांवरच राहतो. नायलॉनचा मांजा कुजत नाही. 2017 साली राष्ट्रीय हरित लवादानं त्यावर बंदी घातली, तरी घारी आणि घुबडं अजूनही त्यात अडकतात. हे मला फार लागतं. संक्रांतीनंतरच्या रविवारी चार-पाच जणांनी हातमोजे नि कात्री घेऊन हाताला येईल तेवढा मांजा उतरवावा. रुळांजवळ किंवा विजेच्या तारांपाशी मुळीच जाऊ नका. जखमी पक्षी सापडला तर मांजा ओढू नका, पक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी कापा. वर सुती कापड टाकून, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मग वनविभागाला 1926 वर फोन करा.

उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याची परळ ठेवा, पण रोज घासून. पावसाळ्यात शिंदीवर सुगरणीचे नर घरटी विणतात. अर्धवट घरटं मादीला पसंत पडलं तरच पुरं होतं. ते लांबूनच पाहा. घरात साप शिरला तर काठी उचलू नका. लांब उभं राहून नजर ठेवा. फोन तोच, 1926.

आणि तिवरांत राडारोडा पडताना दिसला तर तारखेसह फोटो काढून वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार करा. तिवरं तोडणं, त्यांवर भराव टाकणं यांना मुंबई उच्च न्यायालयानं 2018 साली मनाई केली आहे. त्या तक्रारीला तुमची वही जोडा. त्या जागी कोणत्या दिवशी किती पक्षी उतरले होते, ते तिच्यात लिहिलेलं असेल.