थंडीतला निमोना

लखनौच्या इंदिरा नगरात जानेवारीचं धुकं पडलं की घरोघरी कोवळ्या मटारचा निमोना शिजतो. आपल्या उसळीहून दाट, पोटभरीचा.

2 वाट्या मटारांतले मूठभर दाणे अख्खे ठेवा, बाकीचे जाडसर वाटा. मोहरीचं तेल धुरावेपर्यंत तापवून, आच कमी करून, त्यात बटाट्याच्या फोडी आणि उडदाच्या वड्या तळून काढा. उरलेल्या तेलात हिंग, जिरं, आलं-लसूण घाला आणि वाटण कच्चा वास जाईपर्यंत परता. मग हळद, धणेपूड, मीठ, अख्खे दाणे, बटाटे, वड्या आणि 3 वाट्या गरम पाणी घालून मंद आचेवर 15 मिनिटं शिजवा.

मटारमधल्या पिष्टानंच रस्सा दाटतो. साय, मैदा लागत नाही. भातावर वाढा, वरून तूप सोडा.