पायाखालची विद्या



आपल्यांतील मुलगा स्थापत्य अभियंता झाला की आपण त्याचा सत्कार करतो. भूगर्भशास्त्राच्या पदवीधरास मात्र ‘दगडांवर पोट भरेल काय?’ असे विचारतो. ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस इटलीतील वायोंत धरणापाशी सापडते. ९ ऑक्टोबर १९६३ रोजी तेथील डोंगर जलाशयात घसरला. उसळलेल्या लाटेने लोंगारोने गाव धुऊन नेले, सुमारे २,००० माणसे दगावली. धरण मात्र उभेच राहिले! भिंत टिकली, घात केला तो चुनखडकातील चिकणमातीच्या पातळ थरांनी. आपल्या सह्याद्रीतील माळीण गावही ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले.

असे थर, खडकाच्या भेगा व त्यांतील पाणी यांची पारख करणारी विद्या म्हणजे अभियांत्रिकी भूगर्भशास्त्र. तिचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यास धरणे, बोगदे, पूल यांच्या पायाच्या तपासणीचे काम करता येते; भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या परीक्षेसही ही पदवी चालते. काम उन्हातान्हाचे व रानावनातले खरे. परंतु अनेकांचे प्राण त्यावर अवलंबून असतात. म्हणून शिष्यवृत्ती देताना मंडळाने ह्या वाटेने जाणाऱ्या मुलामुलींसही अगत्याने हात द्यावा, एवढीच आमची विनंती.