बारदान की राखणदार?

आपल्या पेशीचे केंद्र म्हणजे रुंदीने मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग. त्यात डी.एन.ए.चा सुमारे दोन मीटर धागा मावतो, आणि तोही गुंता न होता! ही करामत हिस्टोन नावाच्या प्रथिनांची. कोसेल यांनी १८८४ साली ती पक्ष्यांच्या रक्तपेशींतून वेगळी काढली. पुढे कित्येक वर्षे त्यांना नुसते बारदान समजण्यात आले.

रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ साली त्यांची मांडणी उलगडली. आठ हिस्टोनांचे एक रीळ, त्याभोवती धाग्याचे सुमारे पावणेदोन वेढे. एका पेशीत अशी रिळे तीन कोटींच्या घरात!

आम्हांला मात्र वाटाण्याची गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९६९ साली वाटाण्याचे एक हिस्टोन वासराच्या हिस्टोनाशी ताडून पाहिले. १०२ दुव्यांपैकी फरक निघाला केवळ दोन ठिकाणी. नुसत्या बारदानाची निसर्ग इतकी निगा राखील काय?

डी.एन.ए.वर ऋणभार, हिस्टोनांवर धनभार. म्हणून मिठी घट्ट. हिस्टोनाच्या शेपटीला ॲसिटिल गट चिकटला की मिठी सैल होते आणि तेथला मजकूर वाचता येतो. ऑलफ्री यांनी हे १९६४ सालीच सुचविले होते. पुरावा पक्का व्हायला १९९६ साल उजाडले. यकृताची पेशी काय, डोळ्याची काय, पोथी एकच. उघडलेली पाने तेवढी निराळी.

हे गट काढून टाकणाऱ्या विकरांना अडविणारे व्होरिनोस्टॅट हे औषध २००६ साली अमेरिकेत मंजूर झाले, त्वचेत पसरणाऱ्या एका कर्करोगावर.