कोपऱ्यातलं घर

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सोसायटीच्या एका माजी सचिवांनी केलेलं भाषण)



मला सोसायटीच्या आठवणी सांगायला बोलावलंय. पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पार्किंग यांवर आधीचे वक्ते बोलून गेले, म्हणून मी बुद्धिबळाच्या एका डावाबद्दल बोलतो. आपली सोसायटी नोंदली गेली २००० साली आणि त्याच वर्षी विश्वनाथन आनंद विश्वविजेता झाला. यंदा आपल्या नागपूरची दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकून आली. म्हणजे विषय अगदीच अवांतर नाही!

गोष्ट २०१२ च्या गणेशोत्सवातली. तेव्हा मी सचिव होतो. स्पर्धांची नोटीस माझ्याच अक्षरात लावलेली होती : 'स्पर्धा फक्त सभासद व त्यांच्या कुटुंबीयांसाठी.' कॅरमला नावांचा पाऊस, पण बुद्धिबळाला सातच नावं आली. आठवा गडी मिळेना. तेव्हा बी विंगमधले एक भाडेकरू म्हणाले, "मी बसू का काका?" तिशीच्या आतले, शांत गृहस्थ. गाव सांगली. अकरा महिन्यांचा करार, त्यातले सात संपलेले.

मी म्हणालो, "बसा, पण नियम नियम आहे. कप सभासदालाच मिळेल." ते हसून 'चालेल' म्हणाले. आज मागे वळून पाहताना त्या वाक्याची लाज वाटते. त्या वेळी मात्र आपण फार मोठं मन दाखवलं असं वाटलं होतं.

आणि ते पोचले थेट अंतिम फेरीत. समोर कोण, तर मी!

माझी अडचण बघा. हरलो तरी माझ्याच नियमाने कप मलाच मिळणार होता. हरलेल्या माणसाने जिंकल्याचा कप घ्यायचा आणि तोही मांडवात, सगळ्यांसमोर! म्हणजे मला जिंकणं भागच होतं. बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केली, पण हिशेबाचं इतकं दडपण कधी आलं नव्हतं.

पार्किंगमध्ये मांडवाच्या मागे टेबल टाकलं होतं. घड्याळ नव्हतंच. पांढरी मोहरी माझ्याकडे आली. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, घोडा काढला, उंट काढला, किल्लेकोट केला. मला येतं ते एवढंच. पंधराव्या चालीच्या सुमारास त्यांचं एक प्यादं मिळालं. मग मी बँकवाल्याची युक्ती केली. शिल्लक आपल्याकडे असली की व्यवहार मिटवत जायचे. वजिराला वजीर दिला, हत्तींना हत्ती दिले. तेही शांतपणे देत गेले. माझं प्यादं वरचढ असताना हा माणूस मारामारीला नाही का म्हणत नाही, हे मी स्वतःला विचारायला हवं होतं.

आठला आरती सुरू झाली. डाव तसाच ठेवून उठलो. पटाशेजारी वॉचमनला बसवलं, कारण ही बाळगोपाळ मंडळी तेव्हाही होतीच. टाळ्या वाजवताना माझ्या डोक्यात उंट फिरत होता. पलीकडे बघितलं तर सांगलीकरही डोळे मिटून हात जोडून उभे. भक्तीत की घोड्यात, देव जाणे.

परत आलो तेव्हा भोवती पन्नासेक माणसं जमली होती. पटावर माझा राजा, पांढऱ्या घरांवरून चालणारा उंट आणि उजव्या कडेची दोन प्यादी : कडेचं एच आणि शेजारचं जी. त्यांच्याकडे राजा आणि एक घोडा, बस्स. जी प्यादं पाचव्या ओळीत होतं आणि एच प्यादं चौथ्या ओळीतून त्याला जोर देत होतं. "संपला डाव," कोणीतरी म्हणालं. मलाही तसंच वाटलं.

आणि मी एच प्यादं एक घर पुढे ढकललं.

का? लवकर वजीर करायचा होता म्हणून. सगळे बघत होते म्हणून. त्यांच्या घोड्याने एक शह दिला आणि पुढच्या चालीला माझं जी प्यादं खाल्लं. एच प्याद्याचा जोर मी स्वतःच काढून घेतला होता. राजाने घोडा मारला, मागे टाळ्या पडल्या. फुकटचा घोडा! समोर आता एकटा राजा. त्यांनी तो राजा काही न बोलता कोपऱ्याकडे चालवला आणि शेवटच्या घरात नेऊन बसवला.

मुलांनो, इथे नीट ऐका. माझ्या प्याद्याला वजीर व्हायला नेमकं तेच कोपऱ्यातलं घर हवं होतं. ते घर काळं आणि माझा उंट पांढऱ्या घरांवरचा. चौसष्टपैकी बत्तीस घरांवर त्याचा हक्क, पण त्या एका घराला तो जन्मात शह देऊ शकत नाही. राजाला कोंडलं तर शह नसताना त्याला चालच उरत नाही, म्हणजे बरोबरी. मोकळं सोडलं तर तो दोन घरांत येजा करत राहतो. वीस मिनिटं मी हरतऱ्हेने प्रयत्न केला. शेवटी हात पुढे केला.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"काका, सांगलीत लहानपणीच शिकवतात," ते म्हणाले. खरंच आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावात मुलं घडवली, त्या गावच्या माणसाला मी उंट दाखवत होतो!

कप मला मिळाला. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. त्या रात्री मला झोप आली नाही. एच प्यादं डोळ्यांपुढून हलेना आणि नोटीसही हलेना. ज्याला आपण आपल्यातला मानलं नाही, त्याने एका घरापुरती जागा धरून मला रोखलं होतं.

पुढच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला : नोटिशीत 'सभासद' ऐवजी 'रहिवासी' लिहावं. चर्चा पाऊण तास चालली. "आज बुद्धिबळ, उद्या मतदान मागतील," असंही कोणी म्हणालं. मतदानाचे नियम उपविधीत आहेत, ते कोणी बदलत नाही, पण मांडवाला खांब धरायला आपण भाडेकरूंना हाक मारतोच की! ठराव मंजूर झाला. मात्र तोवर सांगलीकरांचा करार संपून ते गेले होते. ज्यांच्यामुळे नियम बदलला, त्यांना तो लागू झालाच नाही.

तो कप तेरा वर्षं माझ्या शोकेसमध्ये आहे. त्याच्या पट्टीवर मी नाव कोरून घेतलं नाही. आज तो समितीकडे सुपूर्द करतो. मुलांच्या स्पर्धेसाठी फिरता चषक म्हणून ठेवावा. पट्टीवरची पहिली ओळ कोरीच राहू द्या. ती त्यांची आहे.

आणि मुलांनो, कडेचं प्यादं ढकलण्याआधी आपला उंट कुठल्या रंगाच्या घरांवर आहे ते बघा. मी बघितलं नव्हतं.