पाटी न पुसता

वेबपानावरील मजकूर एकीकडे व त्याचे रंगरूप दुसरीकडे लिहावे, हा आता दंडकच झाला आहे. १९९४ साली नॉर्वेचे होकोन व्हियुम ली यांनी सुचविलेल्या आणि १९९६ साली मान्यता पावलेल्या सीएसएस या शैलीपत्रकाने तो रूढ केला. पानावरील घटकाला ‘क्लास’ म्हणजे वर्गनाम द्यावयाचे. त्या नावाचे रूपनियम शैलीपत्रकात असतात. एका घटकाला अशी अनेक नावे असू शकतात.

पान उघडे असतानाच ही नावे बदलण्याचे काम जावास्क्रिप्ट करते. त्याची जुनी रीत म्हणजे ‘क्लासनेम’मध्ये नवे नाव भरणे. एका कार्यालयाच्या अर्जात मी तेच केले. चुकलेल्या रकान्याला ‘चूक’ हे नाव दिले. रकाना तांबडा झाला. पण त्याचे आधीचे ‘आवश्यक’ हे नाव पुसले गेले. रिकामे रकाने अडविले जात ते त्याच नावावरून! पुढे अर्जदाराने तो रकाना रिकामा केला, तरी अर्ज बिनदिक्कत स्वीकारला गेला. एक अक्षर वाढविण्यासाठी मी सारी पाटीच पुसली होती.

‘क्लासलिस्ट’ वापरल्यास हा धोका टळतो. तिचे ‘ॲड’ एक नाव जोडते, ‘रिमूव्ह’ तेवढेच काढते. ‘टॉगल’ असलेले नाव काढते, नसलेले घालते. इतर नावांना धक्का लागत नाही.

मात्र तांबडा रंग अंधांना दिसत नाही. म्हणून चूक शब्दांतही सांगावी. आणि दुसऱ्याने लिहिलेले राखूनच आपले लिहावे, हे उत्तम.