अरल समुद्र आणि आपलं लोणार

मध्य आशियातला अरल समुद्र एकेकाळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं सरोवर होता. 1960 नंतर सोव्हिएत सरकारनं अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं. सरोवर आटलं, मासेमारी बुडाली आणि उघड्या तळातलं मीठ व कीटकनाशकं वाऱ्याबरोबर गावांवर पसरली. कापूस पिकवणाऱ्या आपल्या वऱ्हाडानं ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

असं संकटात सापडलेलं एक सरोवर आपल्या शेजारीही आहे. आपलं डोणगाव ज्या मेहकर तालुक्यात आहे, त्याला लागूनच लोणार तालुका आहे. तिथलं सरोवर उल्कापातानं बेसाल्ट खडकात तयार झालं. त्याचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. त्यातली सूक्ष्मजीवसृष्टी याच खारेपणावर जगते. पण गावाचं सांडपाणी आणि शेतातली रासायनिक खतं वाहत येऊन या पाण्याचा तोल बिघडवतात. 2020 साली लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. मात्र केवळ दर्जानं सरोवर वाचत नाही.

अरलचा ऱ्हास काही दशकांत झाला. लोणारच्या बाबतीत अजून वेळ आहे. शेतकरी बंधू-भगिनींनो, माती तपासूनच खत द्या आणि बांधबंदिस्ती करून शेतातली माती शेतातच अडवा.