पाठकोरा कागद



मे महिना सरत आला की आमच्या घरी एक काम ठरलेलं असायचं. जुन्या वह्यांतली कोरी पानं काढायची, आई ती दाभणानं शिवायची आणि कच्च्या कामाची वही तयार व्हायची. तुमच्यापैकी अनेकांनी अशा वह्या वापरल्या असतील. मग घरी इतका जपलेला कागद कार्यालयात गेल्यावर का उधळला जातो? मी बरीच वर्षं एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम केलं. त्यावरून सांगते, माणसं बेफिकीर नसतात. तिथं खर्च कुणाच्या नजरेलाच पडत नाही.

संध्याकाळी प्रिंटरचा ट्रे पाहा. कुणी न नेलेल्या प्रती तशाच पडलेल्या असतात. एखाद्या परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ एवढी एकच ओळ, बाकी पान कोरं. असं सहा पानी परिपत्रक चाळीस विभागांना द्यायचं तर 240 कागद लागतात, म्हणजे जवळजवळ अर्धं रीम. पाठपोट छापलं तर 120 पुरतात. ईमेलनं पाठवलं तर बहुतेकांना कागद लागतच नाही.

टोनरचंही तसंच. खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या पानाचा सुमारे 5 टक्के भागच काळा होईल असं धरून काढलेली असते. लेटरहेडवर जाड काळी पट्टी आणि ठळक बोधचिन्ह असेल, तर टोनर त्याआधीच संपणार.

‘कागद वाचवा’ अशी पाटी लावून फारसं साधत नाही. प्रत्येक संगणकावर पाठपोट आणि काळी-पांढरी छपाई हेच मूळ सेटिंग ठेवावं. रंगीत हवं असेल त्यानं ते मुद्दाम निवडावं. टेबलाटेबलावरच्या छोट्या प्रिंटरांऐवजी मजल्यावर एक मोठं यंत्र ठेवावं. त्याला ओळखपत्र लावल्यावरच प्रिंट निघेल अशी सोय केली, की विसरलेल्या प्रती छापल्याच जात नाहीत. आणि दर महिन्याला यंत्रातला पानांचा आकडा विभागवार लिहून विभागप्रमुखांपुढे ठेवावा.

पाठपोट कागद सरकारी कामात शोभत नाही, असं मला अनेकदा ऐकवलं गेलं. पण सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे दाखल होणाऱ्या कागदपत्रांसाठी ए-फोर कागद आणि पाठपोट छपाई स्वीकारली. तिथं जे चालतं, ते आपल्या रजेच्या अर्जाला का चालू नये?

मात्र काटकसर कुठं करू नये, हेही ठरवायला हवं. प्रश्नपत्रिका सुवाच्यच हवी. निवृत्त कर्मचाऱ्याला मोठ्या अक्षरांतला आदेश लागत असेल, तर तो तसाच द्यावा. तिथं हात आखडू नये.

आईला वहीतलं उरलेलं प्रत्येक पान दिसायचं, म्हणून ती ते वाया जाऊ देत नसे. कार्यालयातल्या माणसांनाही ते दिसू द्या. दिसलं की तीही जपतील, असा माझा अनुभव आहे.